लहान उद्योगांची संकेतस्थळे आणि प्रतिस्पर्ध्यांचे दुवे

लहान उद्योजकाने महाजालावर स्वतःचे संकेतस्थळ उघडणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. देवगडचा आंबा बागायतदार, येवल्याचा पैठणी विणकर, कोल्हापूरचा चर्मकारागीर, मालवणच्या किनाऱ्यावर घरातील दोन खोल्या पर्यटकांसाठी राखून ठेवणारी गृहिणी, पापड-मसाले करणारा महिला बचत गट, अशा अनेकांचे पत्ते आज मोबाइलवर सापडतात. संकेतस्थळ तयार करून देणारी मंडळी रंग, छायाचित्रे, दरपत्रक, पैसे स्वीकारण्याची सोय यांविषयी हवा तेवढा सल्ला देतात. एका प्रश्नाला मात्र सहसा कोणी हात घालीत नाही. आपल्याच धंद्यातील दुसऱ्या माणसाचा पत्ता, म्हणजे त्याच्या संकेतस्थळाचा दुवा, आपल्या पानावर द्यावा की देऊ नये?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. आपल्या ओटीवर येऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला शेजाऱ्याचे दार कोण दाखवील? पण बाजारपेठेतील रीत पाहिली तर चित्र निराळे दिसते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एखादे पुस्तक मागितले आणि ते दुकानात नसले, की दुकानदार पलीकडच्या दुकानाचे नाव सांगतो. पुष्कळदा दुकानातील पोऱ्याला पाठवून ते पुस्तक तेथूनच आणवून देतो. सराफ कट्ट्यावर, भुसार बाजारात, कापडपेठेत हेच चालते. हे दुकानदार भोळे नाहीत. गिऱ्हाईक मुळात पेठेत येते ते पेठेच्या लौकिकावर, आणि तो लौकिक कोणा एका दुकानाचा नाही, हे त्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील चाकू-सुऱ्यांच्या धंद्याचे उदाहरण घेऊन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एकाच ठिकाणी एकवटलेल्या धंद्यांचे लाभ विशद केले. आपल्या पेठांना ते शास्त्र अनुभवाने आधीच अवगत होते.

प्रश्न उरतो तो असा की, पेठेचा हा न्याय महाजालावर लागू पडतो काय? कारण महाजालावर पेठ डोळ्यांना दिसत नाही. रस्त्यावरील गिऱ्हाइकाला शेजारचे दुकान आपोआप दिसते. पडद्यावर मात्र एका वेळी एकच दुकान दिसते, आणि शेजारी कोण आहे हे कोणीतरी सांगितल्याखेरीज कळत नाही. हे सांगण्याचे साधन म्हणजेच दुवा होय.

दुव्याचे मोल

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९८९ साली विश्वजालाचा आराखडा मांडला, तो एका कागदपत्रातून दुसऱ्या कागदपत्राकडे थेट जाता यावे एवढ्याच हेतूने. १९९३ साली या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. म्हणजे दुवा हा विश्वजालातील एखादा अलंकार नसून त्याचा पायाच आहे.

पुढे १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा संशोधक विद्यार्थ्यांनी या दुव्यांना नवे मोल दिले. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवितात, आणि बोट दाखविणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवावे, ही त्यांची कल्पना. गूगल हे शोधयंत्र याच कल्पनेवर उभे राहिले. गावात पंच नेमताना चार प्रतिष्ठित माणसे ज्याचे नाव घेतात त्यास मान मिळतो, तसाच हा प्रकार. आज शोधयंत्रे इतरही पुष्कळ बाबी विचारात घेतात. तरी इतरांनी आपल्याकडे दाखविलेल्या बोटाचे मोल संपलेले नाही.

येथूनच दोन गैरसमज निपजले. पहिला असा की, दुसऱ्यास दुवा दिला म्हणजे आपले वजन गळून जाते. त्यामुळे कित्येक व्यावसायिक संकेतस्थळे बंद दरवाजांच्या वाड्यासारखी झाली आहेत. आत येता येते, बाहेर जाण्याची वाट नाही. खरे पाहता पाहुण्याच्या हातात मोबाइल आहे तोवर त्याला कोंडून ठेवणे कोणासही शक्य नाही. परत जाण्याची कळ दाबली की तो बाहेर पडतो, आणि मग कोठे जातो हे आपल्या हाती राहत नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. तू माझा दुवा दे, मी तुझा देतो, अशी देवघेव केली की दोघेही शोधयंत्रात वर चढतात, असे सांगणारे दलाल आजही भेटतात. केवळ क्रम वाढविण्यासाठी केलेली अशी घाऊक देवघेव आणि पैसे देऊन विकत घेतलेले दुवे हे गूगलच्या नियमांत गैरप्रकार गणले जातात. २०१२ साली त्या कंपनीने अशा कृत्रिम दुव्यांविरुद्ध आपली पद्धती कडक केली, तेव्हा कित्येक संकेतस्थळे शोधाच्या यादीत एकदम खाली गेली. मोबदला घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी तांत्रिक खूण करण्याची सोय असून ती करणे अपेक्षित आहे. ग्राहकाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. भ्रामक जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, एखाद्याची शिफारस करणाराचे त्याच्याशी आर्थिक हितसंबंध असल्यास ते उघड केले पाहिजेत. शेजाऱ्याकडे पाहुणा पाठवून त्याबद्दल काही रक्कम घेण्याचे ठरले असेल, तर त्यात गैर काही नाही. मात्र ते पानावर लिहावे.

तेव्हा प्रतिस्पर्ध्यास दुवा देण्याचा विचार शोधयंत्राच्या भीतीने वा लोभाने करू नये. तो गिऱ्हाइकाच्या आणि गावाच्या हिशेबाने करावा. यापुढील विवेचन त्याच हिशेबाचे आहे.

खरा प्रतिस्पर्धी कोणता?

सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली घोषित झाला. मालवण-तारकर्ली परिसरात घरगुती निवासाची सोय करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. समजा, अशा एका घरी तीन खोल्या आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या तिन्ही भरल्या आहेत. नागपूरचे एक कुटुंब संकेतस्थळ पाहते. तेथे ‘खोल्या शिल्लक नाहीत’ एवढेच लिहिलेले असते. ते कुटुंब काय करील? शेजारच्या घराचे नाव त्यास ठाऊक नाही. ते एखाद्या मोठ्या आरक्षण कंपनीच्या पानावर जाईल, तेथे छायाचित्रे पाहून कोठल्या तरी हॉटेलात, कदाचित कोठल्या तरी दुसऱ्याच किनाऱ्यावर, खोली घेईल. आणि त्या रकमेतून कंपनीची दलाली वजा होईल. तीन खोल्यांच्या घराचे यात नुकसान झाले नाही असे वाटते, कारण त्याच्या खोल्या तर भरलेल्याच होत्या. परंतु ते कुटुंब तारकर्लीस आले असते तर तेथील होडीवाल्याला, मासळीच्या खाणावळीला, किल्ल्याकडे नेणाऱ्या नावाड्याला चार पैसे मिळाले असते, आणि पुढच्या वर्षी परत येताना त्याने पहिल्या घरीही विचारणा केली असती. हे सारे त्या एका ओळीने घालविले.

त्याच जागी ‘आमच्याकडे या तारखांना जागा नाही, शेजारी अमुक घरी स्वच्छ खोल्या व घरगुती जेवण मिळते’ असे लिहून दुवा दिला असता, तर शेजारच्या घराशी असलेली स्पर्धा संपली नसती. ती डिसेंबरात, मे महिन्यात चालूच राहिली असती. पण तीन खोल्यांच्या घराचा मोठा प्रतिस्पर्धी शेजारचे घर नसून, पाहुण्याला तारकर्लीऐवजी दुसरीकडे नेणारी प्रत्येक गोष्ट हा आहे. लहान उद्योगाची क्षमता मर्यादित असते. मोठ्या हॉटेलास सहसा शेजाऱ्याची गरज भासत नाही. लहानास ती दर हंगामात भासते.

आंब्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही अन्य प्रांतांतून आलेला आंबा देवगड किंवा रत्नागिरी हापूस म्हणून विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. दोनशे पेट्या विकणाऱ्या बागायतदारास शेजारच्या बागेतील दोनशे पेट्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याचे खरे नुकसान करतो तो देवगडच्या नावाचे खोके वापरून भलताच आंबा खपविणारा व्यापारी. मुंबईच्या गिऱ्हाइकाला एकदा असा आंबा लागला की त्याचा विश्वास एका दुकानावरून नव्हे, तर देवगड या नावावरूनच उडतो. देवगड तालुक्यातील बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असलेली चिकटपट्टी लावण्याची योजना हाती घेतली, ती याच कारणास्तव. ज्या बागायतदाराचे स्वतःचे संकेतस्थळ आहे त्याने तेथे अशा संस्थेचा आणि मानांकनाखाली नोंदलेल्या आपल्या भागातील इतर बागायतदारांचा दुवा द्यावा, यात त्याचेच रक्षण आहे. एकटा माणूस ‘माझाच आंबा खरा’ म्हणतो तेव्हा गिऱ्हाईक हसून पुढे जाते. दहा बागायतदार परस्परांची नावे घेतात तेव्हा खरे कोण याची एक यादीच तयार होते, आणि त्या यादीत नसलेला आपोआप उघडा पडतो.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट याहून थोडी गुंतागुंतीची आहे. तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचे संयुक्त आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे इकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार तिकडचे. अथणी आणि निपाणी येथील कारागिरांना कोल्हापूरचा कारागीर आजवर प्रतिस्पर्धी समजत आला, आणि बाजारभावाच्या दृष्टीने ते खोटेही नाही. परंतु जून २०२५ मध्ये मिलान येथील एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मूळ कारागिरीचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा आक्षेप दोन्ही बाजूंच्या कारागिरांना लागू होता. त्यानंतर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे मान्य केले. मूळ नाव न सांगणे हा ज्यांना अन्याय वाटतो, त्यांनी आपल्या संकेतस्थळावर परस्परांची नावे सांगावयास संकोच करू नये. शिवाय कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी असे चपलांचे घाट वेगवेगळे असतात आणि प्रत्येक कारागिराचा हात प्रत्येक घाटावर सारखाच बसलेला असतो असे नाही. आपण जो घाट करीत नाही तो करणाऱ्याचा पत्ता देणे, हे गिऱ्हाईक गमावणे नव्हे.

सीमेवरचे एक गाव

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय नावाचे गाव आहे. लोकसंख्या दोन हजारांच्या आतबाहेर. १९६० नंतरच्या काळात रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने तेथे जुन्या पुस्तकांचे दुकान काढले, मग आणखी काढली. पाठोपाठ इतरांनी काढली. एका लहान गावात जुन्या पुस्तकांची दुकाने एकाला एक लागून उभी राहिली. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी गाव स्वतंत्र झाल्याचे व आपण त्याचे राजे झाल्याचे थाटाने जाहीर केले. एप्रिलची पहिली तारीख मुद्दाम निवडली होती हे उघड आहे. पण या गमतीने गावाचे नाव सर्वदूर गेले. १९८८ पासून तेथे साहित्य महोत्सव भरू लागला.

या गावातील पुस्तकविक्रेत्यांनी सर्व दुकानांची नावे व नकाशा असलेले पत्रक छापले आणि ते दुकानादुकानांतून ठेवले. एका दुकानात शिरलेला ग्राहक उरलेल्या सर्व दुकानांचा पत्ता घेऊन बाहेर पडे. महाजाल येण्यापूर्वीचा हा प्रतिस्पर्ध्यास दिलेला दुवाच होय. एखाद्या दुकानासाठी लंडनहून एवढ्या लांब कोणी आले नसते. अनेक दुकानांसाठी लोक आले, मुक्कामास राहिले.

महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या दरम्यान असलेले भिलार हे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले, त्यामागे हे-ऑन-वायचीच कल्पना होती. प्रारंभी गावातील पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तके ठेवण्यात आली. भिलारला पुस्तके विकली जात नाहीत, ती वाचावयास ठेवलेली आहेत. त्यामुळे तुलना पुरती जुळत नाही. तथापि एक गोष्ट जुळते. एका घरी कथा-कादंबऱ्या, दुसरीकडे बालसाहित्य, तिसरीकडे इतिहास अशी वाटणी केलेली असल्यामुळे कोणताही वाचक एका घरी थांबत नाही. प्रत्येक घर त्याला पुढच्या घराचा रस्ता दाखविते, आणि ज्या घरी निवासाची व भोजनाची सोय आहे त्याच्याकडे तो संध्याकाळी परत येतो.

कोठे देऊ नये

या विवेचनावरून प्रत्येकाने आपल्या पानावर प्रतिस्पर्ध्यांची यादी लावावी, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. तालुक्याच्या गावी एकाच रस्त्यावर मोबाइल दुरुस्तीची पाच दुकाने आहेत. माल एकच, दर एकच, गिऱ्हाईकही त्याच गावचे. तेथे दुवा देण्याने पेठेचा लौकिक वाढण्यासारखा नाही. गिऱ्हाईक फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल. शिकवणी वर्ग, केशकर्तनालये, किराणा दुकाने यांचीही गोष्ट बव्हंशी अशीच आहे. गिऱ्हाईक बाहेरून, गावाच्या किंवा मालाच्या नावावर येते काय, हीच येथे कसोटी आहे. तसे येत असेल तर शेजारी हा भागीदार ठरतो. नसेल तर तो निव्वळ प्रतिस्पर्धी, आणि त्याचा दुवा न देण्यात कोणताही अनुदारपणा नाही.

दुसरी मर्यादा विश्वासाची आहे. दुवा म्हणजे जामीन नव्हे, असे कायद्याच्या भाषेत म्हणता येईल. गिऱ्हाइकाच्या मनात मात्र तो जामीनच असतो. ज्या घरची स्वच्छता आपण स्वतः पाहिलेली नाही, ज्याच्या पेटीतील आंबा आपण चाखलेला नाही, त्याचा दुवा केवळ भिडेखातर देऊ नये. भिडेचा भाग आपल्याकडे मोठा आहे हे नाकारून चालणार नाही. चुलतभावाचे नाव घातले नाही तर दिवाळीला घरी बोलणी बसतात, आणि घातले तर पाहुणा तक्रार घेऊन परत येतो. अशा वेळी चार-सहा उद्योजकांनी एकत्र बसून काही किमान अटी ठरवाव्यात आणि त्या पाळणाराचेच नाव घालावे, म्हणजे नकाराचा वाईटपणा एकाच्या माथी येत नाही.

दुवा पानावर कोठे द्यावा यालाही महत्त्व आहे. गिऱ्हाईक मालाची निवड करून पैसे भरीत असेल त्या पानावर तो देणे हा शुद्ध अव्यवहार होय. माल संपला आहे, खोल्या भरल्या आहेत, हंगाम सरला आहे, किंवा मागितलेली वस्तू आपण करीतच नाही, असे सांगणारी पाने हीच त्याची योग्य जागा. परिसराची माहिती देणारे एखादे स्वतंत्र पान असेल तर तेथेही तो शोभतो.

आणखी एक सावधगिरी. दुसऱ्याचे नाव घेण्यास व्यापारचिन्ह कायद्याची सहसा आडकाठी नाही. मात्र ते नाव प्रामाणिकपणे घेतले पाहिजे. ‘अमक्यापेक्षा आमचा माल सरस’ असे सांगण्यासाठी त्याचे चिन्ह आपल्या पानावर झळकविणे, किंवा त्याचे पान आपल्याच पानाच्या चौकटीत असे दाखविणे की गिऱ्हाइकास दोन्ही एकच वाटावीत, हे तंट्यास निमंत्रण आहे. नाव, गाव, एक ओळ माहिती आणि दुवा एवढे पुरे.

ग्रामपंचायतीची यादी

गावातील उद्योगांची सामाईक यादी ग्रामपंचायतीने किंवा सहकारी संस्थेने चालवावी काय, हा याला लागूनच येणारा प्रश्न. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाल्यानंतर अनेक गावांत शेतावर पर्यटकांची सोय करणारी केंद्रे निघाली आहेत, आणि एकेकट्या केंद्राला आपले संकेतस्थळ सांभाळणे जड जाते. सामाईक पान असल्यास खर्च वाटला जातो आणि बाहेरच्या पाहुण्यास गावाचे समग्र चित्र मिळते.

परंतु खाजगी उद्योजकाने दिलेला दुवा आणि ग्रामपंचायतीने दिलेला दुवा यांत मूलतः फरक आहे. उद्योजक आपल्या पसंतीने नाव घेऊ शकतो, गाळू शकतो. ग्रामपंचायत सार्वजनिक संस्था असल्याने तिला पसंती-नापसंती दाखविता येत नाही. तिने अटी आधी लेखी जाहीर कराव्यात, ठराव करावा, अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास स्थान द्यावे आणि नावे वर्णानुक्रमाने लावावीत. सरपंचांच्या नातलगाचे केंद्र यादीत पहिले असले तर ते आडनावाच्या आद्याक्षरामुळे असावे, अन्य कारणाने नसावे. तक्रार आल्यास ती कोणी, किती दिवसांत पाहावयाची हेही ठरावातच नमूद असलेले बरे. एखाद्याचे नाव काढून टाकावयाचे झाल्यास त्यास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, नाही तर पर्यटनासाठी केलेल्या यादीतून गावात नवी फळी उभी राहावयाची.

यादी केली म्हणजे काम संपत नाही. बंद पडलेल्या केंद्राचा दुवा, बदललेला दूरध्वनी क्रमांक, कोणी दुसऱ्याने विकत घेऊन त्यावर भलतेच काही मांडलेले जुने संकेतस्थळ, या गोष्टी अल्पावधीत साचतात. पाहुण्याने दुवा दाबावा आणि काहीच उघडू नये, याने दुवा मुळीच न देण्यापेक्षा अधिक अपकीर्ती होते. यासाठी प्रत्येक हंगामाच्या आधी, म्हणजे आंब्यासाठी फेब्रुवारीत आणि पर्यटनासाठी दसऱ्यापूर्वी, कोणीतरी बसून सर्व दुवे एकेक करून उघडून पाहिले पाहिजेत. गावच्या माध्यमिक शाळेत संगणक असतील, तर वरच्या वर्गातील मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम एका दुपारी करू शकतात. बंद आढळलेल्या दुव्यांची नोंद त्यांनी वहीत करून ग्रामसेवकाकडे द्यावी आणि दुरुस्ती झाल्यावर त्या वहीवर तारीख घालून घ्यावी.